जिथे जखम, तिथेच औषध

अँजिओप्लास्टी झाली, अडलेली धमनी आत फुगा फुगवून मोकळी झाली, चार दिवसांत माणूस घरी आला, घरच्यांनी देवापुढे नारळ फोडला. पाच-सहा महिन्यांनी जिना चढताना छातीवर पुन्हा तेच दडपण. पुन्हा अँजिओग्राफी केली, तर जिथे फुगा फुगवला होता नेमकी तीच जागा अरुंद झालेली. मग घरात चौकशी सुरू होते. पथ्य मोडले का, तेलकट खाल्ले का, गोळ्या चुकल्या का? पुष्कळदा यांतले काहीच घडलेले नसते. धमनी मोकळी करताना धमनीलाच जखम होते, आणि ती जखम भरून येता येता भिंत आतल्या बाजूने जाड होत जाते. रुग्णाचा यात दोष नसतो. ही गोष्ट त्याला कोणी स्वच्छ शब्दांत सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

हे पुस्तक त्या जाड होणाऱ्या भिंतीबद्दल आहे. ती जाड होऊ नये म्हणून नायट्रिक ऑक्साइड नावाचा एक साधा वायू जखमेच्या जागीच, जखमेपुरताच पोहोचवायचे जे प्रयत्न गेल्या तीन-चार दशकांत झाले, त्यांची ही ओळख आहे.

हे पुस्तक लिहिताना तंजावरचा वाचकही डोळ्यांपुढे आहे, आणि तंजावरच्या माणसाला कालवे समजावून सांगावे लागत नाहीत. कल्लणैच्या बंधाऱ्यापासून कावेरीचे पाणी फाट्याफाट्यांनी भाताच्या शेतांत जाते आणि मेट्टूर धरणाचे पाणी सुटण्याआधी कालव्यांतला गाळ उपसावा लागतो. धमनी तुंबली म्हटले की हेच चित्र डोळ्यांपुढे येते. चरबीचा गाळ साचला, तो काढला, प्रवाह सुरू झाला. पहिल्या अडथळ्यापुरते हे चित्र थोडेफार चालून जाते. फुगा फुगवल्यानंतर येणाऱ्या अरुंदपणाला मात्र ते लागू पडत नाही. तिथे गाळ नसतो, कालव्याचा काठच आत वाढत येतो. काठ वाढत असेल तर उपसून काय होणार? उलट प्रत्येक उपसा म्हणजे काठाला नवी इजा.

हा काठ कसा वाढतो ते पाहू. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. सर्वांत आत रक्ताला लागून एक अस्तर, जेमतेम एका पेशीच्या जाडीचे. मधल्या थरात अनैच्छिक स्नायूंच्या पेशी, ज्या आकसल्या की धमनी अरुंद होते आणि सैलावल्या की रुंद. बाहेर तंतूंचे आवरण. फुगा फुगवला की आतले अस्तर खरवडून निघते आणि मधला थर ताणला जातो, कुठे कुठे फाटतो. उघड्या पडलेल्या जागी रक्तातल्या प्लेटलेट येऊन चिकटतात आणि वाढीला चिथावणी देणारी द्रव्ये सोडतात. एरवी शांत बसलेल्या स्नायूपेशी त्यामुळे जाग्या होतात. त्या दुभागू लागतात, मधल्या थरातून सरकत आत येतात, आपल्याभोवती तंतुमय द्रव्य रचतात. काही आठवड्यांत जिथे एका पेशीचे अस्तर होते तिथे जाड थर उभा राहतो. बायपाससाठी पायातली शीर काढून हृदयावर जोडली, तर तिच्यातही हेच घडते. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडून फिस्चुला केला, तर जोडाच्या पुढच्या शिरेतही हेच घडते.

आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये पहिली हृदयधमनी फुग्याने उघडली ती १६ सप्टेंबर १९७७ रोजी. भारतात हा उपचार चेन्नईत डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलरिकल यांनी १९८६ साली सुरू केला. त्याच वर्षी युरोपात धमनीत कायमची राहणारी जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, पहिल्यांदा बसवली गेली. स्टेंटने भिंत आत कोसळणे थांबवले, वाढ थांबवली नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेनेस्टेंट या युरोपीय चाचणीत नुसत्या फुग्यानंतर ३२ टक्के रुग्णांत, तर स्टेंटनंतर २२ टक्के रुग्णांत धमनी पुन्हा अरुंद झाली. सुधारणा खरी होती. तरीही पाचांतल्या एकाला पुन्हा त्याच टेबलावर यावे लागण्याची शक्यता उरलीच.

आता नायट्रिक ऑक्साइडकडे वळतो. हा एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन एवढाच ऐवज असलेला रेणू. दंतवैद्याकडे भूल म्हणून वापरतात तो हसवणारा वायू वेगळा, त्याचे नाव नायट्रस ऑक्साइड. वाहनांच्या धुरातला प्रदूषक म्हणून नायट्रिक ऑक्साइडची आधीपासून बदनामी होती. असला वायू आपल्या धमन्यांच्या अस्तरात अहोरात्र तयार होतो आणि आपल्याला जिवंत ठेवतो, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

ते ध्यानात आले त्या प्रयोगापाशी थोडे थांबायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीचे तुकडे द्रावणात टांगून त्यांवर औषधांचा परिणाम मोजत. ॲसिटिलकोलीन घातले की तुकडा आकसतो, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव. एकदा तो सैलावला. शोध घेता लक्षात आले की आकसणाऱ्या तुकड्यांचे आतले अस्तर तयारी करताना नकळत घासले जाऊन निघून गेलेले असे, आणि सैलावलेल्या तुकड्यावर ते शाबूत होते. मग त्यांनी एक सुंदर युक्ती केली. अस्तर काढलेली एक पट्टी घेतली, अस्तर असलेली दुसरी घेतली, आणि दोन्हींच्या आतल्या बाजू समोरासमोर लावून त्या एकत्र टांगल्या. आता ॲसिटिलकोलीन घातल्यावर अस्तर नसलेली पट्टीही सैलावली. म्हणजे अस्तरातून काहीतरी सुटत होते आणि समोरच्या पट्टीच्या स्नायूंपर्यंत पोहोचत होते. १९८० मध्ये हे प्रसिद्ध झाले. ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड असावे, असे १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नॅरो या दोघांनी स्वतंत्रपणे मांडले. १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये साल्वादोर मोंकाडा यांच्या गटाने त्याचा रासायनिक पुरावा दिला. छातीतल्या कळेवर जिभेखाली ठेवायचे नायट्रोग्लिसरीन याच वायूमार्फत काम करते, हे फरीद मुराद यांनी १९७७ मध्येच दाखवले होते. १९९८ चे नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळाले. मोंकाडा यांचे नाव त्यात नव्हते, आणि ते असायला हवे होते असे मला आजही वाटते.

फर्चगॉट यांच्या त्या समोरासमोरच्या पट्ट्यांतच आपला विषय सामावलेला आहे. अस्तर गेले की तिथला वायूही गेला. पण वायू शेजारून आणून दिला, तर अस्तर नसलेली भिंतसुद्धा त्याचे ऐकते.

आणि हा वायू स्नायूंना नुसता सैलावत नाही. तो प्लेटलेटना भिंतीला चिकटू देत नाही. स्नायूपेशींच्या दुभागण्याला लगाम घालतो, हे गर्ग आणि हसीद या संशोधकांनी १९८९ मध्ये उंदराच्या पेशी वाढवून दाखवले. या पेशींच्या सरकण्यालाही तो आळा घालतो. अस्तराच्या पेशींच्या वाढीला मात्र त्याची मदतच होते. धमनीला जखम झाल्यावर ज्या ज्या गोष्टी बिघडतात, त्या प्रत्येकीच्या विरुद्ध दिशेला हा एकच रेणू ओढतो. फुगा फुगवताना आपण नेमका त्याचाच कारखाना खरवडून काढतो. अस्तर पुन्हा उगवायला आठवडे-महिने लागतात आणि भिंतीची वाढ तर पहिल्या काही दिवसांतच सुरू झालेली असते. ही मधली पोकळी भरून काढायची कशी, हा खरा प्रश्न आहे.

मग गोळी का देऊ नये? नायट्रेटच्या गोळ्या तर औषधाच्या कोणत्याही दुकानात मिळतात. हा विचार करून पाहिला गेला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या ॲकॉर्ड चाचणीत अँजिओप्लास्टीच्या रुग्णांना शिरेतून आणि नंतर तोंडाने नायट्रिक ऑक्साइड देणारी औषधे सहा महिने दिली. धमनी सुरुवातीला थोडी अधिक रुंद राहिली, पण नंतरच्या महिन्यांत ती जितकी अरुंद होत गेली, त्यात फरक पडला नाही. कारण समजण्यासारखे आहे. पोटातून गेलेले औषध अंगभर पसरते, साऱ्याच धमन्या सैलावते, रक्तदाब उतरवते, डोके दुखवते. जखमेच्या जागी पुरेल एवढी मात्रा द्यायची तर माणूस उभा राहिल्या राहिल्या चक्कर येऊन पडेल. शिवाय नायट्रेट सतत घेत राहिले की शरीर त्याला सरावते आणि गुण कमी होतो. आणि नायट्रिक ऑक्साइड स्वतः टिकतो किती, तर ऊतींमध्ये काही सेकंद. रक्तात शिरला की हिमोग्लोबिन त्याला त्याहूनही लवकर गिळून टाकते.

हीच अडचण उलटी करून पाहिली की तिच्यातला फायदा दिसतो. काही सेकंद टिकणारा रेणू जिथे सोडला तिथेच काम करील आणि तिथेच संपेल. फुप्फुसांतला रक्तदाब वाढून निळ्या पडलेल्या नवजात बाळांना हा वायू श्वासातून देण्याची परवानगी अमेरिकेत १९९९ मध्ये मिळाली. तीही याच गुणावर. तो फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल करतो आणि रक्तात शिरताच नाहीसा होतो, बाकी शरीराच्या रक्तदाबाला धक्का लावत नाही. फुप्फुसांपर्यंत जायला श्वासाची वाट तरी आहे. धमनीच्या दोन सेंटिमीटर भिंतीपर्यंत जायला तशी आयती वाट नाही. ती तयार करावी लागते.

१९९५ हे वर्ष या गोष्टीत महत्त्वाचे. त्या वर्षी दोन वेगळ्या वाटांनी एकच गोष्ट दिसली. हायको फॉन डेर लायेन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मानेतल्या जखमी धमनीत नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराचे जनुकच नेऊन ठेवले. अस्तर नव्हते, तरी भिंत स्वतः वायू बनवू लागली आणि आतला जाड थर सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाला. दुसरीकडे जोसेफ लोस्काल्झो यांच्या गटाने नायट्रिक ऑक्साइड एका प्रथिनाला बांधून सशाच्या जखमी धमनीला थेट लावला. एकदाच. त्या एका वेळच्या लेपानेही पुढची वाढ घटली. जनुकांची वाट लांबची आणि जोखमीची. लेपाची वाट साधी. मला स्वतःला दुसरीच अधिक आशेची वाटते, आणि पुस्तकात तिला जास्त पाने दिली आहेत ती त्यामुळेच.

या लेपासाठी वायू कशात तरी बांधून ठेवावा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत लॅरी कीफर यांनी ज्या संयुगांवर आयुष्य घालवले ती डायझेनियमडायोलेट नावाची संयुगे इथे उपयोगी पडली. कोरडी असताना ती स्थिर राहतात. शरीरातल्या ओलाव्यात आली की फुटतात आणि वायू सोडतात. कोणते संयुग किती वेगाने फुटेल हे त्याच्या रचनेवरून आधी ठरवता येते. एक जेमतेम दोन सेकंदांत अर्धे संपते, तर दुसऱ्याला अर्धे संपायला वीस तास लागतात. शल्यचिकित्सक मेलिना किबी यांनी शिकागोत यातले दोन सेकंदवाले चूर्ण उंदराच्या जखमी धमनीच्या बाहेरून भुरभुरले. सामान्य समज असा की सावकाश सुटणारे औषध बरे. इथे अल्पायुषी चूर्णच उजवे ठरले. जखमेच्या पहिल्या क्षणी मिळालेला वायूचा जोरदार लोंढा दोन आठवड्यांनंतरच्या भिंतीवरही आपली खूण ठेवून गेला. पेशींनी वाढायचे की थांबायचे याचा निर्णय फार लवकर होत असावा, असे त्यावरून वाटते. त्याच गटाने सॅम्युअल स्टुप यांच्याबरोबर अतिसूक्ष्म तंतूंचे जेल करून त्यातूनही वायू सोडला. मिशिगन विद्यापीठात मार्क मायरहॉफ यांनी वेगळाच विचार केला. रक्तात नायट्रिक ऑक्साइड आधीच काही गंधकयुक्त रेणूंना बांधलेला फिरत असतो. तांब्यासारख्या धातूचा अंश असलेला पृष्ठभाग त्या रेणूंना स्पर्श होताच वायू मोकळा करतो. म्हणजे साठा बरोबर न्यायलाच नको, तो वाहत्या रक्तातूनच मिळत राहील.

इथे कोणी विचारील, भिंतीत औषध सोडणारे औषधी स्टेंट आल्यावर हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. २००२ मधल्या रॅव्हेल चाचणीत सिरोलिमस नावाचे औषध सोडणाऱ्या स्टेंटनंतर सहा महिन्यांनी एकाही रुग्णाची धमनी पुन्हा अरुंद झाली नव्हती, साध्या स्टेंटनंतर मात्र २६ टक्क्यांहून अधिक रुग्णांची झाली. सिरोलिमसची कथा आपल्यालाही जवळची आहे. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून ते वेगळे केले सुरेंद्रनाथ सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने. त्यांच्या कंपनीने त्यावरचे काम बंद केले तेव्हा त्यांनी ते घरच्या शीतपेटीत जपून ठेवले, म्हणून ते औषध जगाला मिळाले. औषधी स्टेंटने लाखो लोकांचे दुसऱ्यांदा टेबलावर जाणे वाचवले. पण सिरोलिमस स्नायूपेशींना थांबवते तसेच अस्तराच्या पेशींनाही थांबवते. धातूची जाळी महिनोन् महिने उघडी राहते, आणि उघड्या धातूवर रक्त अचानक गोठण्याचा धोका असतो. २००६ मध्ये या उशिरा होणाऱ्या गुठळ्यांची आकडेवारी पुढे आली आणि जगभर खळबळ उडाली. रुग्णांना रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात त्याचे मूळ यात आहे. नंतरचे स्टेंट यापेक्षा पुष्कळ सुरक्षित झाले आहेत. तरी वाढणाऱ्या पेशींना थांबवायचे आणि अस्तराला मात्र उगवू द्यायचे, ही दुहेरी कामगिरी नायट्रिक ऑक्साइडच्या स्वभावातच आहे. शिवाय डायलिसिसच्या फिस्चुलात किंवा बायपासच्या शिरेत आपण स्टेंट घालून सुरुवात करत नाही. तिथे भिंत वाढू नये म्हणून आज आपल्या हाती फारसे काही नाही.

उत्साहाच्या भरात धोके झाकायचे नाहीत. नायट्रिक ऑक्साइड दुधारी आहे. जिथे दाह आहे, मधुमेह आहे, तिथे सुपरऑक्साइड नावाचा ऑक्सिजनचा आक्रमक अवतार भरपूर असतो. दोघांची गाठ पडली की पेरॉक्सिनायट्राइट तयार होते, आणि ते पेशींना इजा करते. म्हणजे भारतात धमन्यांच्या रुग्णांत ज्यांची संख्या मोठी आहे त्या मधुमेही रुग्णांतच मात्रेचा प्रश्न सर्वांत नाजूक. वायू कमी पडला तर वाया, जास्त झाला तर घातक. दुसरा धोका आशेचा आहे. उंदराच्या धमनीत गुण देणारी औषधे माणसात नापास होण्याचा इतिहास मोठा आहे. सिलाझाप्रिल या रक्तदाबाच्या औषधाने उंदरात भिंतीची वाढ झकास रोखली होती. १९९२ च्या मर्केटर चाचणीत माणसांत त्याने काहीही साधले नाही. उंदराची निरोगी, कोवळी धमनी आणि साठ वर्षांच्या माणसाची कॅल्शियमने कडक झालेली धमनी यांत फार अंतर आहे. धमनीच्या भिंतीवर नायट्रिक ऑक्साइड लावण्याचा उपचार अजून प्रयोगशाळा आणि प्राणी यांच्या टप्प्यातून रोजच्या रुग्णालयात आलेला नाही. वाचकाने उद्या आपल्या डॉक्टरांकडे जाऊन हा लेप मागू नये. तो कुठेही लिहून मिळणारा नाही.

हे पुस्तक मराठीत आणि तंजावरच्या वाचकालाही डोळ्यांपुढे ठेवून लिहिण्याला माझ्या मते पक्के कारण आहे. १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांना लोक सरस्वती महाल ग्रंथालयासाठी ओळखतात. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास त्यांनी १८०३ मध्ये मराठीत कोरवून घेतला, तेही लोकांना ठाऊक असते. त्यांनी धन्वंतरी महाल उभारला, ही गोष्ट मात्र तेवढी कोणी बोलत नाही. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एका छपराखाली होते. गुण येतो असे अनुभवाला आलेले पाठ तिथे गोळा होत, आणि ते पुढे तमिळमध्ये शरभेंद्र वैद्य मुरैगळ या मालिकेत एकत्र आले. सर्वांत मोलाच्या आहेत त्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी. कोणाला काय होत होते, काय उपचार केला, पुढे काय झाले, हे रुग्णागणिक लिहिलेले, आणि सोबत त्या त्या डोळ्याची रंगीत चित्रे काढलेली. अमुक औषध चांगले, एवढे ऐकून तिथे कोणी समाधान मानले नाही. या माणसाच्या या डोळ्यात, इतक्या दिवसांनी काय झाले, असे विचारले आणि उत्तर कागदावर उतरवले. जखमेच्या जागी द्यायच्या उपचाराला हीच शिस्त लागते. डोळ्यात थेंब घातला की तो कुठे गेला हे दिसते. धमनीच्या भिंतीत काय गेले आणि काय झाले हे दिसत नाही, म्हणून तर नोंद अधिकच काटेकोर हवी.

आजच्या तंजावरात शहराबाहेर तिरुमलैसमुद्रम इथे शास्त्र विद्यापीठ आहे. तिथल्या नॅनोतंत्रज्ञान आणि प्रगत जैवपदार्थांच्या केंद्रात बहुवारिकांचे अतिसूक्ष्म तंतू काढून त्यांवर पेशी वाढवण्याचे, मज्जातंतू आणि हृदयाच्या ऊतींसाठी आधार तयार करण्याचे काम चालते. नायट्रिक ऑक्साइड हळू किंवा जलद सोडणारे आवरण बनवायचे तर लागणारी विद्या हीच: तंतू किती जाड, त्यात रेणू कसा बांधायचा, तो कधी सुटेल. आणि शहरात राजा मिरासदार रुग्णालय व तंजावर वैद्यकीय महाविद्यालयात कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात. पदार्थ बनवणारे आणि जखम पाहणारे एकाच गावात असणे ही साधी गोष्ट नव्हे. महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्ह्यांना ती लाभलेली नाही.

आता पैशांबद्दल. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. साध्या धातूचा स्टेंट ७,२६० रुपये, औषधी स्टेंट २९,६०० रुपये. त्याआधी औषधी स्टेंटसाठी लाखाच्या वर मोजलेली कुटुंबे सगळ्यांच्या पाहण्यात आहेत. नव्या उपचाराची किंमत सुरुवातीपासून डोळ्यांपुढे ठेवावी लागते हा धडा आपल्याला सरकारी आदेशाने मिळाला, तो प्रयोगशाळेतच मिळायला हवा. टाके घालून झाल्यावर धमनीवर भुरभुरायचे चूर्ण किंवा लावायचे जेल ही कल्पना मला जी भावते, ती बरीचशी यामुळे. तिला वेगळे यंत्र लागत नाही, धमनीत सरकवायची वेगळी नळी, म्हणजे कॅथेटर, लागत नाही. शल्यचिकित्सकाच्या हातात वाहिनी उघडी असते तेव्हाच, त्वचा शिवण्यापूर्वीच्या दोन मिनिटांत ते व्हायचे असते.

म्हणून पुस्तकाचा शेवटचा आणि सर्वांत मोठा भाग फिस्चुलावर आहे. ब्रेशिया आणि चिमिनो यांनी १९६६ मध्ये मनगटातली धमनी आणि शीर जोडून हा मार्ग दाखवला. आजही डायलिसिसचा सर्वांत भरवशाचा मार्ग हाच. जोडलेली शीर जाड-रुंद होऊन सुया झेलण्याजोगी व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. कितीतरी शिरा त्याआधीच आतून वाढून बंद पडतात. मग दुसरा हात, मग मानेत नळी, आणि नळीबरोबर जंतुसंसर्गाचे भय. डायलिसिसच्या खोलीत बसलेल्या माणसाकडे पाहा. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी तो दुसऱ्या हाताची दोन बोटे मनगटाच्या आत ठेवतो. बोटांखाली सतत कंप लागला तर फिस्चुला चालू. कंप मंदावला तर तो त्याच दिवशी येऊन नर्सला हात दाखवतो, "ताई, आज नस नीट वाजत नाही." त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, त्या हाताने जड उचलायचे नाही, त्या कुशीवर झोपायचे नाही, घट्ट बांगडी घालायची नाही, हे घरातल्या लहान मुलालाही पाठ झालेले असते.

नायट्रिक ऑक्साइडचा लेप माणसात उपयोगी ठरतो की नाही, हे भारतात पहिल्यांदा तपासायचे असेल तर ते इथे तपासावे असे मला मनापासून वाटते. हृदयाच्या धमनीवर ते तपासायचे तर पुन्हा कॅथेटर घालावा लागेल. फिस्चुलाची शीर कातडीखालीच असते, साध्या सोनोग्राफीने तिच्या भिंतीची जाडी आणि तिच्यातला प्रवाह मोजता येतो. जोड करताना वाहिनी उघडीच असते, तेव्हा लेपासाठी वेगळी शस्त्रक्रिया नको. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय वाढली आहे. तिथे हाच रुग्ण आठवड्यातून दोनदा-तीनदा येतो, दरवेळी चार तास बसतो, आणि त्याचा हात दरवेळी कोणीतरी पाहते. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने. किती फिस्चुला वापराजोगे झाले, किती बंद पडले, मधुमेह असलेल्यांत काय झाले, स्त्रियांच्या बारीक शिरांत काय झाले, हे लिहून ठेवायला एक वही आणि एक जबाबदार माणूस पुरेल. अशा चाचणीत काय मोजायचे, किती दिवस मोजायचे आणि मात्रा कुठून सुरू करायची, याचा आराखडा पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात दिला आहे.